गळ्याला इस्त्री

दिवाळीचा बोनस हाती पडला की मध्यमवर्गीय माणसाची अक्कल पंधरा दिवसांच्या रजेवर जाते, हे विधान मी पूर्ण शुद्धीवर राहून करीत आहे. पूर्वी या रजेच्या काळात घरात पेटी यायची, पुढे टेपरेकॉर्डर यायचा, त्यानंतर एक बोट ठेवले की आपोआप ढोल वाजू लागतो असला कळफलक यायचा. आता ‘होम स्टुडिओ’ येतो. चिरंजीवांनी गणेशोत्सवात सोसायटीच्या मांडवात एक भावगीत बरे म्हटले, चार शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या, की दसऱ्यापर्यंत वडिलांच्या खिशात यादी येऊन पडते: अमुक कंपनीचे ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर, तमुक कंपनीचा प्लगइनांचा संच, आणि हे सारे पेलण्यासाठी नवा कॉम्प्युटर. मी शाळामास्तर, त्यातून कादंबऱ्या लिहितो. कादंबरी लिहिणाऱ्याला सगळ्याच कलांतले कळत असावे, असा एक गैरसमज आपल्याकडे रूढ आहे. त्यामुळे असल्या याद्या सल्ल्यासाठी माझ्याकडे येतात. यंदा आलेल्या एका यादीची बेरीज माझ्या तीन महिन्यांच्या पगाराइतकी भरली. त्या यादीत एकच बाब राहून गेली होती: गाणे शिकवणाऱ्याची फी.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना रागवावयाचे आहे त्यांना चहा निवण्यापूर्वी रागावता येईल. घरच्या घरी गाणे ध्वनिमुद्रित करण्यासाठी सॉफ्टवेअरवर एक पैसाही खर्च करण्याची गरज नाही. जे लागते ते सारे फुकट मिळते. आणि जे आज सर्वांत आवश्यक म्हणून गळ्यात मारले जाते, ते सूर ‘दुरुस्त’ करणारे यंत्र, ते मात्र फुकट मिळाले तरी उंबऱ्याच्या आत घेऊ नये.

“मास्तर, तुमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, तुम्हाला यातले काय कळते?” असे एका सद्गृहस्थांनी मला तोंडावर विचारले. प्रश्न रास्त आहे. सुदैवाने या विषयाला लागणारा गुणाकार-भागाकार मॅट्रिकपर्यंत शिकवून होतो.

मुळात हे सॉफ्टवेअर म्हणजे काय? एक वही. फरक इतकाच की तिची पाने पारदर्शक असतात. एका पानावर तंबोरा, दुसऱ्यावर तबला, तिसऱ्यावर गाणाऱ्याचा आवाज. सगळी पाने एकावर एक ठेवली की मैफल ऐकू येते, आणि एक पान बिघडले तर तेवढेच पुन्हा लिहिता येते. प्लगइन म्हणजे या वहीला बाहेरून जोडावयाची पट्टी, खोडरबर आणि कंपासपेटी. १९९६ साली स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीने व्हीएसटी नावाचा एक जोड रूढ केला. बाजारातला कोणताही बल्ब कोणत्याही होल्डरमध्ये बसावा, तसे कोणाचेही प्लगइन बहुतेक कोणाच्याही वहीत बसू लागले. मग जगभरचे हौशी लोक घरी बसून ही हत्यारे घडवू लागले, आणि त्यांतल्या कित्येकांनी ती फुकट वाटली. आज जी फुकट प्लगइनांची रेलचेल दिसते तिचे मूळ पुष्कळसे या जोडात आहे.

आता दुकानदाराचा युक्तिवाद ऐका. तो म्हणतो, महाग वहीत अक्षर चांगले उमटते. माणसाच्या कानाला फार तर सेकंदाला २० ते २०,००० कंपने ऐकू येतात, आणि वय वाढेल तसतशी वरची बाजू खाली येते. जे पकडावयाचे त्याच्या दुपटीहून अधिक वेळा दर सेकंदाला मोजमाप घेतले की पुरते. म्हणून १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीने सेकंदाला ४४,१०० मोजमापे धरली आणि प्रत्येक मोजमापाला १६ बिट दिले. एका बिटामागे सुमारे ६ डेसिबल, म्हणजे १६ बिटांत ९६ डेसिबलांची उंचसखल मावते. २४ बिट घेतले तर हिशेबाने १४४. फुकटची ऑडॅसिटी हे ४४,१०० आणि हे २४ बिट जसेच्या तसे देते. तिचे ४४,१०० हे महागड्या सॉफ्टवेअरच्या ४४,१०० पेक्षा एकानेही कमी नाहीत. मग दुकानदार ९६,००० आणि १,९२,००० चे आकडे दाखवतो. ते वटवाघळांच्या मैफलीसाठी राखून ठेवावेत.

आवाज बिघडतो तो वहीत नव्हे, खोलीत. आपल्या घरांना सिमेंटच्या भिंती आणि खाली गुळगुळीत फरशी. तोंडातून निघालेला सूर भिंतीवर आपटून मायक्रोफोनकडे पुन्हा पुन्हा येतो, आणि गाणे न्हाणीघरात म्हटल्यासारखे उमटते. यावर एक उत्तम उपकरण आपल्या प्रत्येक घरात आहे. त्याचे नाव गोधडी. गाणाऱ्याच्या पाठीमागे दोरीवर दोन गोधड्या टांगा, खाली सतरंजी अंथरा, कपड्यांच्या कपाटाचे दार उघडून ठेवा. पंखा बंद, फ्रिज तेवढ्यापुरता बंद, आणि शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या होऊन जाईपर्यंत धीर धरा. तोंड मायक्रोफोनपासून एका वितीवर असावे, आणि किंचित बाजूला, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’ या अक्षरांचा वारा त्याच्यावर आदळत नाही. पडद्यावरचा काटा तांबड्या रेघेला शिवू देऊ नये. सर्वांत मोठा सूरही उणे १२ डेसिबलांच्या आसपास राहिला तर उत्तम. थोडे पैसे खर्चावयाचेच असतील तर ते मायक्रोफोनवर खर्चावेत, आणि उरले तर हेडफोनवर. एवढे केल्यावर मग सॉफ्टवेअरविषयी बोलू.

‘लेटन्सी’ या शब्दाने तर हल्ली पालकांना भुतासारखे भिवविले जाते. आवाज कॉम्प्युटरात शिरून हेडफोनातून परत येईपर्यंत जो विलंब लागतो त्याचे हे नाव. २५६ मोजमापांचा घास भरून कॉम्प्युटर काम करीत असेल, तर एका घासाला जवळजवळ ६ हजारांश सेकंद लागतात. जाता-येता १२ धरा, आणि वर थोडे यंत्राचे. हवेतून आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे १२ हजारांश सेकंदांत तो चार मीटर जाईल. तबलजी खोलीच्या पलीकडच्या भिंतीला टेकून बसला असता तर जेवढा उशीर झाला असता, तेवढाच हा. त्यासाठी नवा कॉम्प्युटर?

तरीही लोक म्हणतात, “मास्तर, फुकटची वस्तू ती फुकटचीच.” येथे जरा थांबावे लागेल. फुकटात फुकट दोन प्रकारचे असते, आणि निवड करताना खरी नजर येथे ठेवावयास हवी. बटणांच्या संख्येवर नव्हे. पाटलाने आपल्या विहिरीवर पाणी भरू दिले तर त्याचे आभार मानावेत, पण विहीर आपली समजू नये. दुसरी विहीर गावाची असते.

केकवॉक नावाचे एक जुने, नामांकित सॉफ्टवेअर होते. २०१७ साली त्याच्या मालकाने, गिब्सन कंपनीने, त्याचे काम थांबवले. २०१८ साली बँडलॅब या कंपनीने ते विकत घेतले आणि साऱ्या जगाला फुकट वाटले. पुष्कळांनी दुवा दिला. २०२३ साली त्याच कंपनीने जाहीर केले की हे जाऊन याच्या जागी दुसरे येणार. कंपनीला दोष देण्याचे कारण नाही. विहीर तिची होती. ज्यांच्याकडे ॲपलचे यंत्र आहे त्यांना २००४ सालापासून चालत आलेले गॅरेजबँड वापरता येते, आणि ते चांगलेही आहे. पण तीही पाटलाचीच विहीर.

आता गावाची विहीर पाहा. १९९९ साली अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी या विद्यार्थ्याने आणि रॉजर डॅननबर्ग या त्याच्या प्राध्यापकाने ऑडॅसिटीचे काम सुरू केले. २००० साली ती लोकांच्या हाती आली. तिच्याबरोबर जो परवाना येतो त्यात लिहिलेले आहे की हिचे अंतरंग कोणीही पाहावे, बदलावे, आणि बदललेले पुन्हा याच अटीवर दुसऱ्याला द्यावे. २०२१ साली म्यूज ग्रुप या कंपनीने ऑडॅसिटी ताब्यात घेतली आणि वापरणाऱ्यांच्या माहितीविषयी एक कलम जाहीर केले. लोक खवळले. कंपनीने मजकूर सुधारला. पण तेवढ्यात काही जणांनी मूळ अंतरंग उचलून टेनॅसिटी नावाचा वेगळा संसारही थाटला होता. कोणाच्या परवानगीची त्यांना गरज पडली नाही. लिनक्स वापरणाऱ्यांसाठी आर्डूर आहे, तेही याच कुळीतले. नवख्याने ऑडॅसिटीवर सुरुवात करावी, हे माझे मत. ती दिसावयास सुंदर नाही. पाटीही नसते.

पैसे द्यावयाचेच असा ज्यांचा बाणा आहे त्यांनी रीपर घ्यावे. एकेकाळी घरोघरच्या कॉम्प्युटरांवर गाणी वाजवणारे विनॅम्प ज्याने लिहिले, त्या जस्टिन फ्रँकेलचेच हे. ६० दिवस वापरून पाहावे आणि घरगुती वापरासाठी ६० डॉलर द्यावेत, असा त्याचा साधा व्यवहार आहे. ६० दिवसांनंतरही ते चालूच राहते, फक्त उघडताना आठवण करून देते. त्या आठवणीकडे दुर्लक्ष करून वर्षानुवर्षे वापरणारे लोक मला ठाऊक आहेत. त्यांच्याविषयी मी काही लिहीत नाही. ते हा अंक वाचतात.

पण उघड चोरीविषयी लिहितो. हजारो रुपयांचे सॉफ्टवेअर कुलूप फोडून फुकट उतरवून घेण्याची कला हल्ली सातवीतल्या मुलालाही येते, आणि वडील ती पाहुण्यांना कौतुकाने सांगतात. परीक्षेत कॉपी केली म्हणून ज्या मुलाचा कान आपण धरतो, त्यालाच घरी ही कॉपी करावयास बसवतो. लक्ष्मीपूजनाला आपण वहीची पूजा करतो. ती वही चोरीची असली तर हळदकुंकू कोणत्या तोंडाने वाहावयाचे? शिवाय फोडलेल्या कुलपातून आत काय काय शिरते हे कोणी सांगावे! एकदा घरातला कॉम्प्युटर अशा पाहुण्याने व्यापला की लग्नाच्या फोटोंपासून बँकेच्या हिशेबापर्यंत सारे त्याच्या हाती. गरिबी हे या चोरीचे समर्थन होऊ शकले असते, जर तीच वस्तू फुकट मिळत नसती तर.

फुकट प्लगइनांचा एक वेगळाच रोग आहे: साठेबाजी. फुकट आहे म्हणून तीनशे उतरवून घ्यावयाचे, आणि रात्रभर त्यांची बटणे फिरवीत बसावयाचे. गाणे राहते बाजूला. घरच्या कामाला तीन-चार पुरतात. आवाजातली घुसमट किंवा कर्कशपणा कमी करण्यासाठी इक्वलायझर: टोकियो डॉन लॅब्जचे नोव्हा फुकट आहे आणि मोठमोठ्यांच्या पंक्तीला बसण्याच्या योग्यतेचे आहे. लहानमोठा आवाज सारखा करणारा कॉम्प्रेसर, त्याच घराण्यातला कोटेल्निकॉव्ह. आवाजाचा आलेख डोळ्यांनी पाहण्यासाठी वॉक्सेंगोचे स्पॅन. थोडा घुमारा हवा तर तो ऑडॅसिटीच्या पोटातच आहे, आणि घुमारा मिठासारखा वापरावा. वाद्यांचे आवाज निर्माण करावयाचे असतील तर सर्ज आहे. ते आधी विकत मिळे, २०१८ साली कर्त्याने ते गावाच्या विहिरीत सोडले. झाले. याहून अधिक ज्याला लागते त्याला बहुधा रियाज लागतो.

आता इस्त्रीकडे वळतो.

अँडी हिल्डेब्रँड नावाचा एक अमेरिकन शास्त्रज्ञ जमिनीखाली तेल कोठे आहे हे शोधण्याचे गणित करीत असे. जमिनीत हादरे सोडावयाचे, परत आलेल्या लाटांचा परस्परांशी ताळा घ्यावयाचा, आणि खाली काय दडले आहे ते ओळखावयाचे. हेच गणित त्याने माणसाच्या गळ्याला लावले आणि १९९७ साली ऑटो-ट्यून बाजारात आणले. पुढच्याच वर्षी शेर या गायिकेच्या गाण्यात त्याचा यांत्रिक ठसका जगाने ऐकला, आणि तेव्हापासून तो थांबलेला नाही. यंत्राची करणी अशी: तुम्ही लावलेला सूर ते मोजते, ठरलेल्या पायऱ्यांपैकी सर्वांत जवळची पायरी शोधते, आणि तुमचा सूर तिच्यावर ओढून बसवते. या पायऱ्या, कोणी मुद्दाम बदलल्या नाहीत तर, सप्तकाच्या बारा सारख्या भागांच्या असतात.

येथेच घात आहे. सप्तकाचे १२०० सूक्ष्म भाग कल्पिले तर नीट मिळवलेल्या तंबोऱ्यातून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो तो ३८६ व्या भागापाशी असतो. यंत्राचा गंधार असतो ४०० वर. म्हणजे ज्या मुलीने गुरूपुढे बसून दोन वर्षांत तो तंबोऱ्यातला गंधार कमावला, तिला हे यंत्र १४ भागांनी बेसूर ठरवते, आणि तिची ‘चूक’ निमूटपणे सुधारून टाकते! दरबारीचा आंदोलित कोमल गंधार तर त्याला कंप वाटतो, आजार वाटतो. मींड म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर जाणारा वळणावळणाचा घाट. यंत्र त्या घाटाचा जिना करते. गळ्यातल्या साऱ्या चुण्या मोडून तो परीटघडीचा होतो.

पेटीवर हाच आक्षेप घेतला गेला होता, हे मला ठाऊक आहे. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीला दार बंद केले ते १९७१ सालापर्यंत. त्या बंदीचा मी पुरस्कर्ता नाही. ज्या महाराष्ट्राने गोविंदराव टेंबे आणि पी. मधुकर यांची बोटे ऐकली तो पेटीला परकी कसा म्हणेल? पण पेटी गायकाच्या शेजारी बसते. तिचा गंधार चढा असला तरी गायक आपला गंधार लावतो, आणि श्रोता दोन्ही ऐकतो. हे यंत्र गळ्यातच जाऊन बसते आणि गायकाचा गंधार पुसून टाकते.

जाणकार म्हणतील, यंत्राच्या पायऱ्या बदलता येतात, ओढ मंद करता येते. येते ना! पण कोणता गंधार कोठे हवा हे ज्याला इतके कळते, त्याला यंत्राची गरज पडत नाही. आणि ज्याला गरज पडते तो यंत्र जसे आले तसेच चालवतो. असली यंत्रे आता फुकटही मिळतात, म्हणून तर भीती अधिक. मास्तर म्हणून मला यात सर्वांत जास्त काय टोचते ते सांगतो. समजा, मी मुलाची उत्तरपत्रिका तपासावयास घेतली, त्याचे चुकलेले गणित खोडले, तेथे त्याच्याच अक्षरात बरोबर गणित लिहिले आणि पैकीच्या पैकी गुण देऊन कागद घरी पाठवला. तुम्ही मला शाळेत ठेवाल? ध्वनिमुद्रणाचा घरातला खरा उपयोग हाच की गाताना न कळलेली आपली चूक मागाहून कानांना कळावी. इस्त्री केलेले गाणे ऐकून मूल समजते की आपला सूर लागला. मग ते पुन्हा लावण्याच्या भानगडीत पडत नाही.

मुलांचे निदान वय तरी हातात आहे. आज्यांचे नाही. पिठाच्या गिरण्या आल्या, जाती अंगणात पालथी पडली. लग्नाच्या हळदीपुरते जाते उरले. ज्यांना दळताना म्हटलेल्या ओव्या मुखोद्गत आहेत त्या बायका आता सत्तरी-ऐंशीच्या आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुण्यात बसून, खेड्यापाड्यांतून माणसे जोडून, हजाराहून अधिक गावांतल्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. बर्नार्ड बेल यांनी त्यांपैकी हजारो टेपवर उतरवल्या. २०१७ सालापासून ‘परी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने त्या लोकांसमोर ठेवल्या आहेत. या माणसांनी भारी यंत्रांची वाट पाहिली असती तर त्या बायकांचे आवाज त्यांच्याबरोबरच गेले असते.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने आपल्या आजीच्या ओव्या उतरवल्या आणि ‘साफ करून’ मला ऐकवल्या. पोरगा गुणी, हेतू चांगला. त्याने आवाजातला गोंगाट काढून टाकणारे प्लगइन लावले होते. त्याने जात्याची घरघर काढली, आणि बांगड्यांची किणकिणही गोंगाटात जमा करून तिचे तुकडे पाडले. आजीचा मधला स्वर, जो कोणत्याच पायरीवर नसतो, तो ओढून पायरीवर बसवला. ओवीची लय जात्याच्या फेऱ्याची. खुंट्याला हात बदलताना ती किंचित अडते आणि शेवटचा शब्द लांबतो. त्याने ती घड्याळाच्या ठोक्यावर कापून बसवली, खाली ढोलकी घातली. ऐकावयास गोड वाटले. आजी मात्र कोठे सापडेना. सुदैवाने मूळ फाईल त्याने पुसली नव्हती. ती ऐकली तेव्हा आजी, जाते आणि बांगड्या तिघी जागच्या जागी होत्या.

तेव्हा भाऊबीजेला माणसे जमतील त्या दिवशी एवढे करा. सॉफ्टवेअर कोणते घ्यावे याचा वाद राहू द्या. खिशातला फोन पुरेल, फक्त तो दाबून लहान न केलेल्या फाईलीत मुद्रण करील असे पाहा. एका तासाला सुमारे ३२० एमबी लागतील. एवढी जागा फोटो पुसून करता येते. फोन घडी घातलेल्या गोधडीवर ठेवा. मूळ फाईलीला कोणतेही प्लगइन लावू नका. जे काय साजशृंगार करावयाचे ते नकलेवर करा, आणि मूळच्या दोन प्रती दोन घरांत ठेवा. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जानने तबकडीसाठी गाणे म्हटले, तेव्हा शेवटी तिने आपले नाव इंग्रजीत उच्चारून ठेवले. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला घडावयाच्या होत्या, आणि तेथल्या कारागिरांना गाणे कोणाचे हे कळावयास हवे होते. आजीलाही ओव्या संपल्यावर आपले नाव, माहेरचे गाव आणि सासरचे गाव सांगावयास लावा, तुम्ही तारीख बोला. ती लाजेल, पदर तोंडाला लावील, “मेलं काय ते!” म्हणेल. तेही कापू नका.